मनूस, आप्पांच्या विमानाबद्दल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. एका शब्दाचा होता, पण मिळाला. फोनवर हे सगळं नीट बोलणं होत नाही. आधी तुझा आवाज चढतो, मग माझा, आणि मुद्दा बाजूला राहतो. म्हणून लिहायला बसले. तुझ्या आणि दादाच्या भांडणाबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवलंय. फक्त माझ्या आप्पांनी हाताने केलेल्या, रबरावर उडणाऱ्या त्या लहान विमानाबद्दल लिहिणार आहे.

विमान ठीक आहे. आतल्या खोलीत, कपाटावर, दोन मऊ उशांच्या आधाराने ठेवलंय. वरून जुनं सुती पातळ घातलंय. पंखाला काही झालेलं नाही. आडव्या शेपटीची डावीकडची पुढची कड मधल्या फासळीजवळ मोडलीय आणि तिथला कागद दोन बोटं फाटलाय. तू गेल्यावर दिवा लावून जमिनीवरच्या बाल्साच्या, त्या हलक्या लाकडाच्या, चिपा चिमट्याने गोळा केल्या आणि पाकिटात घालून ठेवल्या. नखाएवढी एक चीप कपाटाखाली गेली होती, तीही सापडली. सगळे तुकडे जुळतात, मी लावून पाहिले. धक्का कुणाच्या कोपराचा लागला ते मी पाहिलं नाही आणि कुणाला विचारणारही नाही. दादा म्हणतो माझा. तूही जिना उतरताना ‘माझ्यामुळेच झालं’ म्हणालीस. दोघंही दोष आपल्याच अंगावर घेताय आणि तरी एकमेकांशी बोलत नाही, हे कसं?

असो. विमानाबद्दल लिहायचंय.

त्या दिवशी दादा रागात म्हणाला, ‘मग पंख तुझ्याकडे, धड माझ्याकडे, मिटलं!’ आणि तू म्हणालीस, ‘चालेल.’ त्या ‘चालेल’ने माझी रात्रभर झोप उडाली. पंख रबरबँडने बांधलेला आहे, सोडला की सुटतो, हे खरं. वाहतुकीसाठी आप्पा तो नेहमीच सोडायचे. पण सुटतो म्हणून तो वेगळा होत नाही. कसं ते सांगते, कारण हे तुम्हां दोघांनाही कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही आप्पांना पाहिलंत ते त्यांचे हात थरथरायला लागल्यानंतर.

पंख उलटा करून बघ. उजव्या टोकाशी मागची कड किंचित वर वळलेली दिसेल. ओल धरून लाकूड वाकलंय असं तू एकदा म्हणाली होतीस. ते वाकलेलं नाही, वाकवलेलं आहे. आप्पांनी ते टोक वाफेवर धरलं, दोन्ही हातांनी पीळ दिला आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. विमान फार हळू झालं किंवा नाक वर करून चढलं की पंखावरची हवा सुटते आणि ते एका बाजूला कोसळतं. टोकाला असा पीळ असला की टोकावरची हवा शेवटी सुटते आणि विमान सावरायला वेळ मिळतो. डाव्या टोकाचा पीळ उजव्यापेक्षा कमी आहे, कारण हे विमान उजवीकडे गोल घेत चढायचं. आता नाकाकडे ये. पुढचा ठोकळा ओढून काढलास तर त्याच्या मागे, वरच्या बाजूला, एक पातळ पाचर चिकटवलेली दिसेल. तिच्यामुळे प्रोपेलर किंचित खाली आणि किंचित उजवीकडे ओढतो. रबराला पूर्ण पीळ असताना सुरुवातीचा जोर फार असतो, तेव्हा विमानाने उलटी कोलांटी खाऊ नये म्हणून ती. आणि ठोकळ्याच्या पोटात शिशाचा तुकडा आहे. तो किती असावा हे पंखावरून ठरलं. पंखाच्या खाली दोन्हीकडे पेन्सिलीने केलेली फुली आहे, तिथे दोन बोटांवर विमान तोललं तर आडवं राहिलं पाहिजे.

म्हणजे पाचर, शिसं आणि पीळ या तिन्ही गोष्टी एकमेकींकडे बघून ठरलेल्या आहेत. दुसरा पंख या धडावर बसेल, उडणार नाही. हे धड नसलं तर पंख नुसती भिंतीवरची शोभा. संध्याकाळच्या संध्याकाळ आप्पा ते उडवून पाहायचे, वहीत लिहायचे, घरी येऊन पाचरीवर पॉलिश पेपरचे दोन हात फिरवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर. तेव्हा कुठे ते एक विमान झालं. तुम्ही त्याची वाटणी करायला निघालात.

हे लिहिताना माझा सूर चढतोय, मला कळतंय. बाळा, मी तुला बोलत नाहीये. पण जे सांगायचंय ते सांगते.

तुला आठवतं का, आप्पा तुम्हांला राइट बंधूंची गोष्ट सांगायचे? 1878 मध्ये त्यांच्या वडिलांनी प्रवासातून एक खेळणं आणलं. बूच, बांबू आणि कागदाचं, रबर पिळलं की छताला जाऊन भिडणारं. आल्फोंस पेनो नावाच्या फ्रेंच माणसाने तसली रबरावर चालणारी यंत्रं केली होती. 1871 मध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत त्याचं रबरावर उडणारं छोटं विमान 11 सेकंद हवेत राहिलं होतं. आप्पांना पेनोबद्दल फार माया. ‘सगळ्यांना राइट बंधूंचे बारा सेकंद ठाऊक, या अकरांचं नाव कुणी घेत नाही’ असं म्हणायचे. तर विल्बर तेव्हा 11 वर्षांचा, ऑर्व्हिल 7 वर्षांचा. खेळून खेळून ते खेळणं मोडलं, मग दोघांनी मिळून स्वतः तसंच बनवलं. आप्पांची गोष्ट इथून उडी मारून थेट 17 डिसेंबर 1903 च्या त्यांच्या पहिल्या उड्डाणावर जायची आणि तू टाळ्या वाजवायचीस.

ही गोष्ट पुढे कशी गेली ते आप्पांनी तुम्हांला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं, मोठी झाल्यावर. त्या दोघांना कॅथरिन नावाची धाकटी बहीण होती. 1908 मध्ये विमान कोसळून ऑर्व्हिल जबर जखमी झाला, तेव्हा शाळेतली शिकवण्याची नोकरी बाजूला ठेवून ती त्याच्या उशाशी येऊन राहिली. पुढे विल्बर गेला, वडील गेले, घरात हे दोघंच उरले. 1926 मध्ये कॅथरिनने लग्न केलं आणि ऑर्व्हिलने तिच्याशी बोलणं टाकलं. लग्नाला गेला नाही, नंतरही संबंध ठेवला नाही. 1929 मध्ये न्यूमोनियाने ती शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा कुठे तो तिच्याजवळ पोहोचला. तोही आपल्या मनाने नाही, लॉरिन या दुसऱ्या मोठ्या भावाने समजावलं म्हणून.

यापुढे काही लिहीत नाही. तू शहाणी आहेस.

आता दादाचं म्हणणं. त्याचं ऐकून न घेता तू दार लावलंस म्हणून मी लिहिते. त्याला विमान विकायचं नाहीये की भिंतीवर मिरवायचंही नाहीये. त्याला ते उडवायचंय. जुना कागद काढून टाकायचा, नवं प्लॅस्टिकचं कव्हरिंग इस्त्रीने बसवायचं, छोटी मोटर आणि बॅटरी घालायची. त्याने व्हिडिओ बघितलेत, हिशेब केलाय, वजन काढलंय. अगदी मनापासून करतोय तो हे. ‘आप्पांनी ते उडवायला केलं होतं, कपाटावर ठेवायला नाही’ असं तो म्हणतो आणि हे म्हणताना त्याचे डोळे भरून येतात. तू त्याला ‘तुला फक्त खेळणं दिसतं’ म्हणालीस. तसं नाहीये ग. बाबांच्या शेवटच्या महिन्यात रात्री तोच बसायचा, आठवतंय ना? बाबांना झोप येईना तेव्हा त्याने हेच विमान खाली काढून त्यांच्या पांघरुणावर ठेवलं होतं.

पण कागद काढायच्या मी पूर्ण विरुद्ध आहे आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. माझ्याकडे मुद्दा होता, त्याच्याकडेही होता. तो म्हणाला, राइट बंधूंच्या विमानाचं कापडसुद्धा बदललंय. हे खरं आहे. 1927 मध्ये ऑर्व्हिलने स्वतः नवं कापड घातलं आणि 1985 मध्ये संग्रहालयाने पुन्हा बदललं. मी म्हटलं, पण जुनं कापड टाकलं का? त्या 1903 च्या विमानाच्या कापडाचा तुकडा 1969 मध्ये आर्मस्ट्राँगने अपोलो 11 मधून चंद्रावर नेला. 2021 मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरलाही एवढासा तुकडा बांधला होता. ज्यांनी कापड बदललं त्यांनाही जुन्याची किंमत ठाऊक होती. दादा गप्प बसला. तो माझं ऐकतो ग. तुझंही ऐकेल, तू बोललीस तर.

आणि आपल्या कागदावर काय आहे ते तुला ठाऊकच आहे. डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला आप्पांच्या अक्षरात ‘सापडल्यास कृपया परत करावे’. खाली नाव, त्याखाली पत्ता. हौस म्हणून लिहिलेलं नाही ते. मोकळं सोडलेलं विमान परत येईलच असं नसतं. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढत असते. त्या हवेत सापडलं की रबराचा पीळ संपला तरी विमान खाली येत नाही, घारीसारखं गोल फिरत वर वर जातं आणि दिसेनासं होतं. म्हणून शेपटीजवळ हळू जळणारी वात लावायची. वात जळत जळत एका रबरबँडपर्यंत पोहोचते, तो तुटला की शेपटीची मागची कड झटक्यात वर उचलली जाते आणि विमान आडवंच अलगद खाली उतरतं. शेपटीखाली तपकिरी डाग आहे ना, जो तू चहाचा समजायचीस, तो त्या वातीचा आहे.

एकदा वात विझली. मी तेव्हा फ्रॉक घालायच्या वयाची. आप्पांनी माझ्याकडे विमान धरायला दिलं होतं. ते काम नेहमी माझंच. मी दोन्ही हातांनी शेपटीकडचं धड धरायची, तिथे आत रबराची मागची खुंटी असते. ते पुढून ठोकळा काढून रबर ओढत ओढत लांब जायचे, चांगलं चारपाच पट ताणेपर्यंत. मग हातड्रिलच्या हुकाला ते अडकवून पीळ द्यायला लागायचे आणि पीळ देत देत एकेक पाऊल माझ्याकडे यायचे. रबराला एरंडेल चोळलेलं असायचं, त्याचा वास यायचा. पीळ वाढला की रबराला आधी एक गाठींची रांग येते, मग तिच्यावर दुसरी, आणि धड हातातच थरथरायला लागतं. ‘घट्ट धर, दाबू नकोस,’ एवढंच बोलायचे ते. रबर तुटलं तर आतून धडाच्या चिंध्या होतात. मला फार भीती वाटायची आणि तरी मी कधी हात सोडला नाही. त्या दिवशी विमान सुटलं, चढलं, गोल फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. आप्पा घड्याळाकडे बघायचे, मग वर, मग घड्याळाकडे. नंतर त्यांनी घड्याळ बघणंच सोडलं. आम्ही मान मोडेपर्यंत बघत होतो. आधी ठिपका झाला, मग तोही गेला.

घरी येताना आप्पा एक शब्द बोलले नाहीत. मी रडले, ते रडले नाहीत. बऱ्याच दिवसांनी दारात एक अनोळखी मुलगा उभा. सायकलवर, पाठीला विमान बांधलेलं, पंख दोरीने वेगळा गुंडाळलेला. झाडावर अडकलं होतं म्हणाला. पत्ता वाचून शोधत आला. आप्पांनी त्याला आत बसवलं आणि विमान हातात घेऊन पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर नाकाच्या ठोकळ्यातली ती पाचर. ती होती. मग मात्र त्यांनी त्या मुलाला जवळ घेतलं.

पुढे घर बदललं तेव्हा आप्पांनी जुन्या पत्त्यावर एक सरळ रेघ मारली आणि नवा पत्ता माझ्याकडून लिहून घेतला. माझं तेव्हाचं गोल गोल अक्षर आहे ते. ‘दाबून लिहिलंस तर भोक पडेल’ म्हणून त्यांनी माझा हात वरच्यावर धरला होता. हा कागद काढून टाकायचा? प्लॅस्टिकवर नवं काहीही छापता येईल. हे येणार नाही.

त्या कागदामागची मेहनतही सांगून ठेवते, नाहीतर माझ्याबरोबर जाईल. खऱ्या मापाचा नकाशा पाटावर पसरायचा, त्यावर मेणकागद, म्हणजे गोंदाने सांगाडा नकाशाला चिकटत नाही. बाल्साच्या पट्ट्या नकाशातल्या रेघांवर ठेवून दोन्ही बाजूंनी टाचण्या, लाकडातून मात्र टाचणी जाऊ द्यायची नाही, नाहीतर तिथे पट्टी कच्ची होते. फासळ्या सगळ्या एकत्र धरून कानशीने सारख्या करायच्या. बाल्सा हातात घेऊन आप्पा डोळे मिटायचे आणि वजनावरूनच सांगायचे की ही पंखाच्या मुख्य पट्टीला आणि ही नुसती भरायला. एकाच झाडाच्या दोन पट्ट्यांत वजनाचा केवढा फरक असतो! कुणी ‘खेळण्याचं लाकूड’ म्हटलं की चिडायचे. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो विमान प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून केलं होतं, हे ते लगेच ऐकवायचे. सांगाडा झाला की टिश्यू कागद. कडांना चिकटवून वर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. ओला कागद लोंबतो, बघून वाटतं सगळं बिघडलं. वाळला की आपोआप तबल्याच्या पुडीसारखा ताणून बसतो. मग डोपचे, म्हणजे कागद घट्ट करणाऱ्या व्हार्निशसारख्या द्रवाचे, पातळ हात. त्याचा तो उग्र गोडसर वास, सगळ्या खिडक्या उघड्या, घरात काडी ओढायची नाही अशी सक्त ताकीद, कारण डोप भसकन पेटतो. आजी त्या दिवशी चूलच पेटवायची नाही.

हा डोप वर्षानुवर्षं आतल्या आत आखडत राहतो, कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. म्हणून आता बोटाने दाबून पाहायचं नाही. ऊन लागू द्यायचं नाही. धूळ झटकायची तर मऊ ब्रशने, ओल्या फडक्याने नाही. जुनं रबर मी बाबा असतानाच काढून टाकलं, ते चिकट व्हायला लागलं होतं. आत राहिलं असतं तर धडाला खाल्लं असतं.

आता जे सांगायला हे पत्र घेतलं ते लिहिते. शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन करू नकोस.

नव्या घरात माझ्याकडे जागा नाही. मी ठरवलंय की विमान दादाकडे जाईल.

तुला वाईट वाटणार. तुझं त्यावर जास्त प्रेम आहे का, याचा हा निकाल नाही. प्रेम मोजत बसले तर मला ते कुणालाच देता येणार नाही. कारण साधं आहे. तू दर दोन वर्षांनी घर बदलतेस, पुढेही बदलशील. तुझ्या कामाचं स्वरूपच ते आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. एवढ्या लांब एकटीने जाऊन तू जे उभं केलंस ते आपल्या घरात कुणी केलं नव्हतं. पण अशी विमानं मोडतात ती उडताना कमी आणि सामान हलवताना जास्त. दादाच्या घरात आतली एक भिंत आहे, तिथे ऊन पोहोचत नाही आणि ओलही नाही. तो तिथून हलणार नाही. बस, एवढंच.

त्याला मी अटी घातल्यात. कागद काढायचा नाही. मोटर घालायची नाही. छताला दोरीने टांगायचं नाही, पंखाखाली आधार देऊन ठेवायचं. पंख आणि धड एकाच ठिकाणी राहणार, कायम. आणि उडवायची त्याची हौस खरी आहे, तर नकाशा आहे. आप्पांनी स्वतः काढलेला, त्यांच्या दुरुस्त्यांसकट. त्यावरून नवं करा, त्यावर हवं ते कव्हरिंग चढवा, हवी ती मोटर घाला. तो कबूल झाला. वहीत ‘आई म्हणते तसं’ असं लिहून त्याने खाली सही केली. मी सही मागितली नव्हती.

नकाशा आणि वही मात्र तुझ्याकडे राहील. तुझी समजूत काढायला म्हणून हे देत नाहीये, तसं समजू नकोस. तुला ते वाचता येतं म्हणून देतेय. दादाला आप्पांचं अक्षर लागत नाही, तुला लहानपणापासून लागतं. आणि हात तुझे आहेत. शाळेत असताना पंखाच्या टोकाचं ठिगळ तू लावलं होतंस, आज मलाही ते शोधावं लागतं. दादाचे हात जड आहेत, त्याला स्वतःलाही ते माहीत आहे. त्याच्याकडे ठेवलेलं विमान तुझ्याशिवाय टिकणार नाही आणि तुझ्याकडच्या नकाशावरून नवं करायचं तर मैदानावर धरायला कुणीतरी लागेलच.

पण मला खरी भीती ती नाही, मनू. मी अजून आहे तोवर तुम्ही माझ्यामार्फत बोलाल. ‘आई, त्याला सांग’, ‘आई, तिला विचार’, हे गेले काही दिवस चाललंय आणि मी दोघांचे निरोप पोहोचवतेय. नंतर कोण पोहोचवणार? बाबा गेले तेव्हा आपण तिघं होतो. मला तुम्हांला घाबरवायचं नाही, तब्येत बरी आहे माझी, डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही. तरी रात्री जाग येते आणि हाच एक विचार येतो. भांडणाबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं आणि पुन्हा तिथेच आले. तुझ्यापाशी नाही बोलणार तर कुणापाशी बोलू?

तर आता कामाचं. सामान हलवायच्या आधी शेपटी दुरुस्त व्हायला हवी, तशीच नेली तर चीर वाढेल. ते एकट्याने होणारं काम नाही. एकाने धरायचं, दुसऱ्याने जोडायचं. आधी मोडलेली कड. चिपा जागच्या जागी कोरड्या बसवून बघायच्या, मग सुईच्या टोकाने गोंद, आणि सपाट पाटावर टाचण्यांच्या मध्ये रात्रभर. कागद त्यानंतर. माझ्याकडे जुन्या टिश्यूचा एक ताव शिल्लक आहे, आप्पांच्या डब्यातलाच. ठिगळाची कड कात्रीने कापायची नाही, रेघेवर ओला ब्रश फिरवून हाताने फाडायची, म्हणजे तंतू मोकळे राहतात आणि जोड डोळ्यांत येत नाही. चिकटवायला पातळ खळ, डोप नको. खळ उद्या कुणाला काढावीशी वाटली तर ओलसर करून काढता येते.

नवा पत्ता कागदावर लिहायचा नाही, आता तो कागद पेनची निब सोसणार नाही. मी पुठ्ठ्याचा एक टॅग कापून ठेवलाय, सुती दोऱ्याने खुंटीला बांधू. त्यावर तुम्हां दोघांची नावं आणि दोघांचे फोन नंबर. दादाने त्याचा लिहिलाय. खालची ओळ मोकळी आहे.

या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तो दिवसभर मोकळा आहे. तू शुक्रवारी रात्री निघालीस तर सकाळी पोहोचशील. खोकं तोच करणार आहे, पंख आडवा मावेल असं मीटरभर लांबीचं. आत काय घालायचं ते त्याला सांग. फुग्यांचं प्लॅस्टिक थेट कागदाला लागता कामा नये, ते डोपला चिकटतं. मी सांगितलं तर तो विसरतो, तू सांगितलेलं विसरत नाही.

तब्येतीची काळजी घे. उशिरापर्यंत जागू नकोस, स्क्रीन बंद करून झोपत जा. बघ, हे राहून गेलं होतं तेही लिहिलं.

तुझी,
आई

ता. क. दादाने इन्स्टंट गोंदाची ट्यूब आणून ठेवलीय. ती वापरायची नाही. बाल्सा ती शोषून घेतो, तिथलं लाकूड काचेसारखं कडक होतं आणि पुढच्या वेळी शेजारी मोडतं. हे त्याला मी अजून बोललेले नाही. तू येणार आहेस की नाही असं त्याने काल दोनदा विचारलं. मी म्हटलं, तिलाच विचार. त्याचा फोन आला तर घे.